पुढच्या सस्पेन्शनला वरचा आणि खालचा ब्रेस बार: कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर: संच उघडला

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, मोनोकॉक बांधणीची (वेगळी चौकट नसलेली, पत्र्याची बॉडीच भार घेते अशी), पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) असलेली साधी हॅचबॅक आहे. बॉडी पिळणे कमी व्हावे म्हणून तिला दोन ब्रेस बार, म्हणजे आधाराचे आडवे दांडे, बसवायचे आहेत. वरचा बार बॉनेटखाली डाव्या आणि उजव्या स्ट्रटची डोकी एकमेकांना जोडतो, तर खालचा बार सबफ्रेमच्या (बॉडीखाली बोल्टांनी टांगलेल्या चौकटीच्या) खाली चार बोल्टांवर बसतो. त्या चारांपैकी पुढचे दोन बोल्ट सबफ्रेम बॉडीला धरणारे आहेत आणि मागचे दोन लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मागच्या बुशमधून, म्हणजे रबरी सांध्यातून, जाणारे आहेत. कुठेही नवे भोक पाडायचे नाही, वेल्डिंग करायचे नाही. गाडीत आधीच असलेले बोल्ट काढून, मध्ये बारची पट्टी घालून, पुन्हा कसायचे एवढेच काम आहे. म्हणूनच हे तासाभराचे काम म्हणून सांगितले जाते. वरच्या बारपुरते ते जवळजवळ खरे आहे. खालच्या बारच्या बाबतीत ते खरे नाही आणि या नोंदी मुख्यतः त्या खालच्या बारसाठी ठेवत आहे.

संचात दोन्ही बार, पट्ट्या, खालच्या बारसाठी चार लांब बोल्ट आणि एक कागद आहे. कागदावर आकृती आहे, टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने पिळून कसायचा त्याचे, आकडे नाहीत. ज्यांना स्वतः काम करायचे आहे त्यांनी आपल्या गाडीची सेवा-पुस्तिका आधी मिळवावी, कारण आकडे तिथलेच धरायचे असतात. बार विकणाऱ्याला ते ठाऊक असतीलच असे नाही.

पहिली शंका बोल्टांबाबत आली. त्यांच्या डोक्यावर ८.८ अशी खूण आहे, तर सेवा-पुस्तिकेतील मूळ बोल्ट १०.९ वर्गाचे आहेत. यातला पहिला आकडा शंभराने गुणला की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते आणि दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशांपर्यंत बोल्ट कायमचा न लांबता ताण सोसेल. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० मेगापास्कलला तुटतो आणि ६४० ला कायमचा लांबू लागतो, १०.९ चा १००० ला तुटतो आणि ९०० पर्यंत टिकतो. सबफ्रेमच्या बोल्टाबाबत ही तडजोड करण्याची माझी तयारी नाही. मूळ बोल्ट मात्र तसाच वापरता येणार नाही, कारण पट्टी ५ मिमी जाड आहे आणि बोल्ट तेवढाच आखूड पडतो. आट्यांचे पिच (लगतच्या दोन आट्यांतले अंतर) १.२५ मिमी असल्याने ५ मिमी म्हणजे चार फेरे कमी पकडले जातात. पोलादी नटात किमान बोल्टच्या व्यासाइतकी लांबी गेलेली असावी हा रूढ हिशेब लावला, तर मूळ बोल्ट काठावर येतो. शिवाय सेवा-पुस्तिकेत सबफ्रेमचे बोल्ट एकदा सोडले की पुन्हा वापरू नयेत, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे नव्या बोल्टांचा खर्च बारच्या किमतीत आधीच धरायला हवा होता.

४ नोव्हेंबर: आधीचे मोजमाप

बार बसवल्यावर फरक जाणवतो असे प्रत्येकजण म्हणतो, कारण पैसे खर्च झालेले असतात. म्हणून काहीही बसवण्यापूर्वी एक मोजमाप करून ठेवले. एकात एक सरकणाऱ्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या. त्यांची बाहेरची टोके दोन्ही स्ट्रटच्या डोक्यांजवळ घट्ट बांधली आणि आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाला अगदी टेकवून, एक केबल टाय आवळली. स्ट्रटची डोकी एकमेकांच्या जवळ आली की नळी आत सरकते, टाय मागे ढकलली जाते आणि डोकी पूर्ववत झाली तरी टाय तिथेच राहते. नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारून आल्यावर नळीचे तोंड आणि टाय यांच्यातली फट व्हर्नियरने मोजली, ती ०.८ मिमी भरली.

हा आकडा जपून वाचायला हवा. टाय फक्त सर्वांत मोठी हालचाल नोंदवते, त्यामुळे तो बहुधा वाटेतल्या एखाद्याच खड्ड्याचा आहे. वळणावर किंवा सपाट रस्त्यावर डोकी किती हलतात, हे त्यावरून कळत नाही.

५ नोव्हेंबर: वरचा बार

हे काम गाडी चाकांवर, सपाट जागी उभी ठेवून करायचे. गाडी उचललेली असताना स्ट्रटच्या डोक्यावरचे तिन्ही नट काढले तर स्ट्रट खाली निसटेल; चाकांवर उभी असताना गाडीचेच वजन त्याला वर दाबून ठेवते. मधला मोठा नट शॉकअपच्या दांड्याचा असतो. त्याला पाना लावायचा नाही, कारण दाबलेली स्प्रिंग त्या नटाच्या आधारावर अडकून बसलेली असते.

नट काढण्यापूर्वी स्टडभोवती पेंट मार्करने रेषा मारल्या. स्टड बॉडीच्या भोकांत अगदी तंतोतंत बसत नाहीत, थोडी मोकळी जागा असते, आणि नट सैल असताना स्ट्रटचे डोके तेवढे आतबाहेर सरकू शकते. सरकले तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतबाहेर झुकाव, बदलतो. रेषा असल्या की नट कसण्यापूर्वी ते पाहून घेता येते. एका बाजूचे नट काढून पट्टी बसवली, नट हाताने फिरवून टेकवले आणि मगच दुसरी बाजू घेतली. एम८ च्या (८ मिमी व्यासाच्या) या नटांना पुस्तिकेप्रमाणे २५ न्यूटन-मीटर टॉर्क दिला. हा आकडा हाताच्या अंदाजाने सहज ओलांडला जातो, म्हणून इथे लहान टॉर्क रेंचच (ठरवलेला टॉर्क आला की टिक् वाजणारा पाना) वापरावा.

हा बार तीन तुकड्यांचा आहे: दोन टोकांच्या पट्ट्या आणि मध्ये एका बोल्टावर फिरणारी नळी. अशी बिजागरी असलेला बार फक्त लांबीच्या दिशेने ताण किंवा दाब घेतो, वाकणे अडवत नाही. अखंड बार अधिक ताठ असतो, पण माझ्या गाडीत वायपरच्या यंत्रणेमुळे तो बसत नाही. नळीची लांबी आट्यांनी कमीजास्त करता येते आणि ती फिरवून बारला आधीच ताण द्यावा असे कागदावर सुचवले आहे. तो मी दिलेला नाही. स्ट्रटची डोकी उभ्या गाडीत जशी आहेत तशीच धरून ठेवणे हे बारचे काम आहे. त्यांना आधीच आत किंवा बाहेर ढकलले, तर अलाइनमेंटमध्ये, म्हणजे चाकांच्या ठरलेल्या कोनांत, ढवळाढवळ होते. म्हणून नळी हाताने फिरवत नेली, बिजागरीच्या बोल्टातला खडखडाट संपला तिथे थांबवली आणि लॉकनट आवळला.

बॉनेट किती अंतरावर येते, हे नजरेने कळत नाही. बारवर तीन ठिकाणी खेळण्यातल्या मातीचे लाडवाएवढे गोळे ठेवले, त्यांवर प्लॅस्टिकचा कागद टाकला आणि बॉनेट हळूच लावून पुन्हा उघडले. डावा गोळा १४ मिमीपर्यंत दबला होता आणि मधला ११ मिमी. उजव्या गोळ्यावर बॉनेटच्या आतल्या अस्तराची वीण उमटली होती आणि त्याची जाडी जेमतेम ४ मिमी उरली होती. इंजिन चालू असताना बॉनेटचा पत्रा थरथरतो, म्हणून एवढे अंतर पुरेसे नाही. उजव्या पट्टीखाली संचातला एक जास्तीचा वॉशर आलेला होता. तो काढल्यावर आणि नळीचा बाक पुढे फिरवल्यावर तिथे ९ मिमी अंतर मिळाले.

इंजिन रेस केल्यावर पुढेमागे डुलते, त्यामुळे इंजिनच्या झाकणापासूनचे अंतरही पाहावे लागते. एक मित्र ब्रेक दाबून बसला आणि त्याने पहिल्या व रिव्हर्स गियरमध्ये क्लच किंचित सोडून पाहिला. मी बाजूला उभा राहून पाहिले. गाडीच्या समोर उभे राहून हे पाहू नये. झाकण बारपासून दूर राहते.

९ नोव्हेंबर: खालचा बार, पहिला प्रयत्न

गाडी जॅकने उचलून सिलच्या (दाराखालच्या कडेच्या) जागी दोन स्टँडवर ठेवली, मागच्या चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला आणि खाली जाण्यापूर्वी गाडी दोन्ही बाजूंनी जोराने हलवून पाहिली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचे नाही, हे सर्वांना माहीत असते, तरी इथे पुन्हा लिहितो.

पुढचा डावा बोल्ट सहज सुटला. मागचा उजवा मात्र गंजलेला होता. त्यावर गंज सोडवणारे तेल मारून वाट पाहिली, लांब दांड्याने अर्धा फेरा सोडवला, तिथे तो करकरू लागला तसा पाव फेरा परत आवळला, पुन्हा तेल, पुन्हा अर्धा फेरा, असे करत तो बाहेर काढला. यात दुपार गेली, पण करकरणारा बोल्ट एका दमात ओढून काढण्यापेक्षा हे बरे. त्याचा नट बॉडीच्या बंद पोकळीत वेल्ड केलेला आहे. तो सुटून गरगरू लागला असता तर पत्रा कापल्याशिवाय इलाज नव्हता. बोल्टच्या आट्यांत तांबूस पूड आणि चुरा भरला होता. नटात एम१२, १.२५ पिचचा टॅप हाताने फिरवून आटे साफ केले. नवे आटे पाडायचे नव्हते, फक्त घाण काढायची होती, त्यामुळे जिथे जोर लागला तिथे टॅप मागे घेतला.

नंतर, केवळ लांबी पाहण्यासाठी, संचातला बोल्ट पुढच्या डाव्या भोकात लावला. तो दोन फेरे आत गेला आणि अडकला. पाना लावला असता तर तो आणखी आत गेला असता आणि नटाचे आटे घेऊनच बाहेर आला असता. बोल्टचे पहिले काही फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत, हा नियम इथे उपयोगी पडला. दोन्ही बोल्ट आडवे, आटे आट्यांत बसतील असे एकमेकांवर टेकवून दिव्यासमोर धरले. पिच सारखे असते तर मधून उजेड आला नसता; इथे सुरुवातीच्या दोनतीन आट्यांनंतर फट वाढत गेलेली स्पष्ट दिसत होती. मोजल्यावर मूळ बोल्टच्या दहा आट्यांची लांबी १२.५ मिमी आणि संचातल्या बोल्टची १५ मिमी भरली. म्हणजे संचातले बोल्ट १.५ पिचचे आहेत. ते या गाडीचे नाहीतच.

मूळ बोल्ट तात्पुरते परत लावून, टॉर्क देऊन गाडी खाली घेतली.

१२ नोव्हेंबर: बोल्ट आणि रंगाचा थर

एम१२, १.२५ पिच, १०.९ वर्ग, मूळपेक्षा ५ मिमी लांब असे बोल्ट मागवले. विक्रेत्याने संचातले बोल्ट बदलून देण्याची तयारी दाखवली, पण तेही ८.८ चेच असल्याने त्याचा उपयोग नव्हता.

बोल्टांची वाट पाहताना पट्ट्यांकडे लक्ष गेले. दोन्ही बारवर जाड पावडर कोटिंग आहे आणि ते बोल्टच्या डोक्याखाली, तसेच बॉडीला टेकणाऱ्या बाजूलाही आहे. व्हर्नियरने पट्टीची जाडी ५.२ मिमी आली, तर कोपऱ्यात रंग खरवडल्यावर ५.० मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंचा थर मिळून ०.२ मिमी. दिसायला हे नगण्य वाटते. पण कसलेला बोल्ट म्हणजे किंचित ताणलेली स्प्रिंग असते आणि या लांबीचा बोल्ट पूर्ण टॉर्कवर मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाइतकाच लांबलेला असतो. डोक्याखालचा रंग दाबाने आणि उष्णतेने हळूहळू चपटा होऊन बाजूला सरकला, तर तो दशांशच नाहीसा होतो, बोल्टचा ताण उतरतो आणि पट्टी सरकू लागते. ब्रेस बार काही आठवड्यांनी टकटक आवाज करू लागले, अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. त्यांतल्या बऱ्याच इथून सुरू होत असाव्यात, असे माझे मत आहे.

म्हणून बोल्टच्या डोक्याखाली वॉशरएवढे वर्तुळ आणि बॉडीला टेकणारी संपूर्ण बाजू पॉलिश पेपरने घासून धातूपर्यंत आणली आणि तिथे जस्तयुक्त प्रायमरचा अगदी पातळ थर दिला. उघडा पोलाद तसाच ठेवला तर तिथे पाणी शिरून गंज धरतो. खालचा बार पोलादी आहे. ॲल्युमिनियमचा असता, तर पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलाव्याने होणारी झीज रोखण्याचाही विचार करावा लागला असता. वरच्या बारच्या पट्ट्या आधीच बसवून झालेल्या होत्या. त्यांचा रंग तसाच ठेवला आहे आणि त्याचे काय होते ते पुढे पाहायचे आहे.

१६ नोव्हेंबर: चौथे भोक जुळेना

नवे बोल्ट आले, चारही भोकांत बोटांनी फिरले. गाडी पुन्हा स्टँडवर घेतली. पुढचे दोन आणि मागचा डावा असे तीन बोल्ट पट्टीतून सहज गेले, पण मागच्या उजव्या बाजूला बारचे भोक नटाच्या भोकापासून ३ मिमी बाजूला पडत होते. इतर बोल्ट सैल करून बार ढकलला, तर चौथे भोक जुळे आणि तिसरे सुटे.

विक्रेत्याला विचारले असता त्याने भोक कानसीने लांबट करून घ्यावे, सगळे तसेच करतात, असे उत्तर दिले. ते करण्यापूर्वी बार काढून तो जाड काचेवर ठेवला: चारही पाय टेकत होते, कोपरा दाबला तरी डुलत नव्हता. टेपने मोजलेले दोन्ही कर्ण सारखे भरले. बार सरळ होता. मग वाकडे काय होते, तर ती गाडी.

पाणसळ दोन्ही सिलवर आडवी ठेवलेल्या फळीवर धरल्यावर उजवी बाजू खाली असल्याचे दिसले. पाणी वाहून जावे म्हणून जमिनीला उतार दिलेला आहे आणि गाडी त्या उताराला आडवी उभी होती, त्यामुळे दोन्ही स्टँड सारख्याच दात्यावर असूनही उंचीला सारखे नव्हते. मागची चाके मात्र जमिनीवर, त्यांच्या वेगळ्याच पातळीवर टेकलेली होती. म्हणजे बॉडीला पीळ पडला होता. भर म्हणून पुढची चाके लोंबकळत होती आणि लोअर आर्मवर नेहमी असणारा भार नाहीसा झाला होता. उजव्या स्टँडखाली प्लायवूडचा तुकडा सारल्यावर ३ मिमीचा फरक साधारण १ मिमीवर आला. पत्र्याची बॉडी एवढी पिळते, हे इथे पहिल्यांदा आकड्यात दिसले, आणि हा बार विकत घेण्याचे कारणही तेच आहे.

यावरून या कामातली मुख्य गोष्ट हाती आली. बोल्ट कसताना गाडी ज्या आकारात उभी असेल, तो आकार बार धरून ठेवतो. भोक कानसीने मोठे करून आज बार कसला असता, तर तो पिळलेल्या बॉडीवर कसला गेला असता. गाडी चाकांवर उतरताच बॉडी सरळ होऊ पाहणार आणि बार तिला अडवणार, असा कायमचा झगडा सुरू झाला असता. लोअर आर्मच्या बुशबाबतही हाच मुद्दा आहे. बुशमधले रबर आतल्या नळीला चिकटवलेले असते आणि बोल्ट कसला की ती नळी जागेवर जखडली जाते. चाक लोंबकळत असताना कसले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून बुशचे बोल्ट चाकांवर भार असतानाच कसावेत, असे सेवा-पुस्तिका सांगते. बारसोबतच्या कागदावर यातले काहीही नाही.

बार पुन्हा काढून ठेवला. रॅम्प लागणार.

२२ नोव्हेंबर: रॅम्पवर

लोखंडी रॅम्पची जोडी आणली. हा खर्चही सुरुवातीच्या हिशेबात नव्हता. या वेळी गाडी उताराच्या दिशेत उभी केली, म्हणजे उतार डावीउजवीकडे न राहता पुढेमागे झाला, आणि पाणसळीचा बुडबुडा मध्यभागी आला. पुढची चाके रॅम्पवर चढवल्यावर गाडी एकदोनदा दाबून सोडली, जेणेकरून सस्पेन्शन आपल्या नेहमीच्या उंचीला बसेल. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले.

सबफ्रेम या दोन पुढच्या बोल्टांशिवाय इतर बोल्टांवरही टांगलेली आहे, तरीही तिच्याखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक टेकवला आणि तिच्या कडेने बॉडीवर मार्करची रेषा ओढली. ती जागची हलली, तर पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) आणि स्टिअरिंगचा मध्य दोन्ही बिघडू शकतात. जुने बोल्ट एका वेळी एकच काढला. त्या जागी बारची पट्टी लोंबती ठेवून नवा बोल्ट सातआठ फेरे आत घेतला आणि मगच पुढच्या बोल्टाला हात लावला. जुन्या बोल्टांची डोकी पट्टीला आडवी येतात, म्हणून सुरुवातीला बार बराच सैल, खाली झुकलेला ठेवावा लागतो. इथे मदतीला दुसरा माणूस असणे आवश्यक आहे.

चौथा बोल्ट बोटांनी आत गेला. सहा दिवसांपूर्वी ३ मिमी बाजूला पडणारे भोक आता नटाच्या बरोबर समोर होते.

कसण्यापूर्वी आट्यांत राहिलेले तेल ब्रेक क्लीनरने धुऊन काढले. टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क दिला, तर घर्षण कमी झाल्याने बोल्टवर बराच अधिक ताण येतो. चारही बोल्ट प्रथम हाताने टेकवले, मग कर्णाच्या क्रमाने ६० आणि शेवटी पुस्तिकेतल्या १२० न्यूटन-मीटरपर्यंत नेले. रॅम्पखाली टॉर्क रेंचचा दांडा फिरवायला जागा कमी असते, आणि हा रॅम्पचा खरा तोटा आहे. मागच्या उजव्या बोल्टाला एकेका टिचकीने पुढे जावे लागले. सबफ्रेमभोवतीची रेषा जिथल्या तिथे होती. शेवटी प्रत्येक बोल्टचे डोके आणि पट्टी यांवरून मार्करची एक आडवी रेघ ओढली, म्हणजे बोल्ट फिरला तर ती तुटलेली दिसेल.

२३ नोव्हेंबर: अलाइनमेंट आणि पहिली फेरी

सबफ्रेमचे बोल्ट सोडलेले असल्याने अलाइनमेंट तपासून घेतले. टो मर्यादेत होता, कॅम्बर दोन्ही बाजूंना पूर्वीच्या कागदाशी जुळत होता. काही बदलावे लागले नाही, तरी हा खर्च टाळू नये.

गाडी चालवताना काय वाटते, ते सांगतो. नुसता वरचा बार असताना मला फरक सांगता आला नव्हता. खालच्या बारने फरक पडला आहे, पण जिथे अपेक्षित होता तिथे नाही. सपाट वळणावर गाडी पूर्वीसारखीच आहे. बार म्हणजे काही नवी स्प्रिंग किंवा नवा टायर नव्हे. खडबडीत वळणावर मात्र, जिथे पूर्वी स्टिअरिंग हातात किंचित भरकटायचे आणि दुरुस्त करावे लागायचे, तिथे ते आता एका जागी राहते. डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली जुनी किरकिरही थांबली आहे. याउलट संथ गतीला इंजिनची थरथर पायाखालच्या पत्र्यात पूर्वीपेक्षा जास्त येते. ताठ जोडणी कंपनेही ताठपणेच पोहोचवते, त्यामुळे शांत गाडी हवी असणाऱ्याने हा विचार आधी करावा.

नळ्या आणि केबल टाय पुन्हा लावून त्याच रस्त्यावर फेरी मारली. फट ०.३ मिमी आली. तोच खड्डा त्याच वेगाने घेतला गेला असेल, याची खात्री देता येत नाही, म्हणून यातून टक्केवारी काढत बसलो नाही.

३० नोव्हेंबर: सायलेन्सरचा आवाज

थंड इंजिन सुरू केल्यावर काही नाही, पण गाडी तापल्यावर आणि गियर टाकताना खालून पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखा आवाज येऊ लागला. गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा बारच्या आडव्या नळीवर एका जागी रंग उडालेला आणि नखाएवढा चकचकीत डाग पडलेला दिसला. त्याच्या समोर सायलेन्सरच्या पाइपवरची क्लॅम्प होती. थंड असताना दोघांत ५ मिमी अंतर होते आणि बसवताना मला ते पुरेसे वाटले होते. परंतु पाइप रबरी हँगरवर टांगलेला असतो, तापल्यावर लांबतो आणि इंजिनबरोबर डुलतोही. अशा ठिकाणी १५ मिमी तरी अंतर हवे.

बारखाली स्पेसर घालून तो खाली घेण्याचा मार्ग होता, पण त्याने जमिनीपासूनचे अंतर कमी झाले असते आणि बोल्ट पुन्हा आखूड पडले असते. त्याऐवजी क्लॅम्प सैल करून फिरवली. तिचा बाहेर आलेला बोल्टचा भाग वरच्या बाजूला नेल्यावर बारकडे फक्त गोल पाइप राहिला आणि अंतर १८ मिमी झाले. क्लॅम्पच्या आट्यांवर गंज असल्याने ती फिरवायला वेळ लागला. दुरुस्ती मात्र एवढीच होती. बारवरच्या डागाला प्रायमर आणि रंग लावला.

१४ डिसेंबर: पुन्हा टॉर्क

गाडी काही शे किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. खालच्या बारच्या चारही रेघा अखंड आहेत आणि १२० न्यूटन-मीटरवर लावलेला रेंच बोल्ट न फिरवता लगेच टिक् वाजला. वरच्या बारवर, जिथे रंग तसाच ठेवला होता, तिथे तसे झाले नाही. उजव्या बाजूचे दोन नट २५ वर येण्यापूर्वी साधारण अष्टमांश फेरा फिरले, डाव्या बाजूचा एक त्याहून थोडा कमी. नट काढून पाहिल्यावर वॉशरच्या कडेने रंगाची बारीक वळी बाहेर आलेली होती आणि खाली चकतीच्या आकाराचा खड्डा पडला होता.

दोन्ही पट्ट्या काढून तेवढी जागा धातूपर्यंत घासली, प्रायमर दिला, मार्करच्या रेषांवर स्ट्रट तपासला आणि नट पुन्हा कसले. रंग काढल्याने बार अगदी किंचित खाली आला, त्यामुळे नळीची लांबी पुन्हा जुळवली आणि मातीचे गोळे ठेवून बॉनेट तपासले. उजवीकडे अंतर ९ मिमीच आहे. खालच्या बारच्या बोल्टांच्या डोक्यांवर आणि पट्टीच्या कडांवर गंजरोधक मेण फवारले. मागच्या उजव्या नटाची पोकळी, जिथे मूळ बोल्ट गंजला होता, तिच्यात बाजूच्या भोकातून मेणाची नळी घालून आतूनही फवारा दिला. यापुढची तपासणी इंजिन ऑइल बदलताना, गाडी तशीही रॅम्पवर असेल तेव्हा, रेघा पाहून करायची आहे.